न सरकलेला रोल

"भर दुपारी, पूर्णगडच्या किल्ल्यात, तटावर उभं राहून मी कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडलं," कॉलेजात शिकवणारे एक सर सांगत होते. "कशासाठी, तर रोल संपला की नाही ते बघायला."

पडवीत सतरंजीवर बसलेली दहा-बारा माणसं हसली. सर स्वतःही हसले. उघड्या रोलवर ऊन पडलं म्हणजे सगळं संपलं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

रविवारची सकाळ होती. टिळक आळीतल्या आपल्या घरी स्वानंदीनं ही बैठक बोलावली होती. स्वानंदी आर्किटेक्ट, वय सव्वीस. मोबाइलवर हवे तितके फोटो काढता येत असताना ही मुलं पुन्हा जुने रोलचे कॅमेरे शोधून काढत होती, आजोबांच्या कपाटातून, मुंबईच्या जुन्या बाजारातून. आज प्रत्येकानं आपली एकेक फजिती सांगायची असं ठरलं होतं.

कोपऱ्यात खुर्चीवर दीपाली बसली होती. इतरांपेक्षा वयानं मोठी म्हणून तिला खुर्ची, आणि सगळ्यांची ती काकू. राम आळीतला तिचा स्टुडिओ आता पासपोर्टचे फोटो आणि लॅमिनेशन यांवर चालायचा. पण मागची अंधारी खोली तिनं मोडली नव्हती. ब्लॅक अँड व्हाइट रोल हातानं धुऊन देणारं गावात दुसरं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे ही मुलं तिच्याकडेच यायची.

वेदची पाळी आली. चोवीस वर्षांचा हसरा मुलगा.

"माझ्या ताईचा साखरपुडा," तो म्हणाला. "मोबाइल कोणी काढायचाच नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. म्हटलं, फोटो रोलवरच. दिवसभर मी मिरवत फिरलो. आणि घरी येऊन बघतो तर रोलची जीभ, ते पुढचं टोक, आतल्या चकतीत अडकलेलीच नव्हती. रोल जागचा हललाच नाही."

पुन्हा हशा झाला. दीपाली मात्र हातातल्या कपाकडे बघत राहिली.

"मग रे?" कोणीतरी विचारलं.

"मग काय? त्याच संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, ताई, एकही फोटो आलेला नाही, चूक माझी आहे. ती रडली. तासाभरानं तिचाच फोन आला. म्हणाली, पुढच्या रविवारी पुन्हा तीच साडी नेसते, तू ये."

इतकं सरळ. एक फोन, थोडं रडणं, पुढचा रविवार.

"काकू, आता तुमची," स्वानंदी म्हणाली.

दीपालीनं एक सोपी गोष्ट सांगितली. नव्यानं शिकत असताना तिनं घाईत बाटल्यांची अदलाबदल केली आणि रोल डेव्हलपरऐवजी आधी हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करायच्या रसायनात घातला. बाहेर काढला तर काचेसारखा स्वच्छ. एका शाळेचं अख्खं स्नेहसंमेलन धुऊन गेलं होतं. सगळे पोटभर हसले.

"आणि सगळ्यात मोठी कुठली?" स्वानंदीनं विचारलं.

"ती सांगण्यासारखी नाही," दीपाली म्हणाली आणि उठून कप विसळायला आत गेली.

घरी चालत येताना ती वाटेत दोनदा थांबली. गुडघे दुखत होते हे खरं, पण त्यासाठी थांबली नव्हती.

तिची गोष्ट शहाण्णव सालच्या मे महिन्यातली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. स्टुडिओ नवऱ्याचा, गुरुप्रसादचा. ती काउंटरवर बसायची, फोटोंवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशनं भरायची, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याचा कॅमेरा हाताळायची. त्या वर्षी ऐन लग्नसराईत गुरुप्रसादला कावीळ झाली. डोळे पिवळे, अंगात उभं राहण्याचं बळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी पालीच्या पुढच्या कोंडवाडीतल्या एका मुलाचं लग्न. नवरा शिवा रांबाडे, मुंबईत कामाला; मांडव नवरीच्या घरी.

"मी जाते," दीपाली म्हणाली.

"जमेल?"

"जमेल."

गडबडीत, लग्नघराच्या अंगणात, मांडवाखाली उभं राहून तिनं रोल भरला. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाची कळ फिरते का ते बघायचं असतं. ती फिरली म्हणजे रोल पुढे सरकतोय. हे तिला माहीत होतं. पण तेवढ्यात वाजंत्री वाजू लागली आणि कोणीतरी ओरडलं, "फोटूवाली बाय कुठं गेली?" ती धावली.

तो दिवस तिला फार आवडला होता. बाई म्हणून तिला आतल्या खोलीत सोडलं. नवरी काशी, वीस वर्षांची, सावळी, कपाळावर मोठ्ठं कुंकू. मैत्रिणी तिचे केस बांधत होत्या आणि ती आरशातून दीपालीकडे बघून लाजत होती. पुरुष फोटोग्राफरला असा फोटो कधी मिळाला नसता. दीपालीनं एकेक फोटो जपून काढला, कारण रोल एकच होता. छत्तीस.

संध्याकाळी नवरी जीपमध्ये बसताना छत्तीस झाले. रोल पुढे सरकवायचा खटका आता अडायला हवा होता. तो अडला नाही. सदतीस. कधीकधी एखादा जास्त निघतो, म्हणून ती खूश झाली. अडतीस. एकोणचाळीस. चाळिसाव्यालाही खटका मोकळाच फिरला. काय झालंय ते तिला कळलं. आणि त्याच क्षणी जीपमधल्या काशीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं, फोटोसाठी पदर सावरला आणि श्वास रोखून स्थिर बसली.

दीपालीनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. एकेचाळीस. आत काही नाही हे माहीत असताना.

आधीचे चाळीस म्हणजे चूक होती. या एकाला काय म्हणायचं, ते तिला पुढची अठ्ठावीस वर्षं ठरवता आलं नाही.

गुरुप्रसाद तिला रागावला नाही. उठून उभं राहता येऊ लागल्यावर तो स्वतः कोंडवाडीला गेला आणि सांगून आला की रोल काळा पडला, मालच खराब होता, माफ करा.

"मी सांगते ना खरं," ती म्हणाली होती.

"तू काही बोलायचं नाहीस. बाईला कॅमेरा धरता येत नाही असं एकदा पसरलं की तुला कोणी दारात उभं करणार नाही. माझं नाव चार दिवस खराब होईल, मग लोक विसरतील."

लोक विसरले. दीपालीला कामं मिळत गेली. डोहाळजेवणं, बारशी, मुंजी, पुढे पुढे लग्नंसुद्धा. बायकांना तीच हवी असायची. त्या कमाईवर घर चाललं, मुलगी शिकली. गुरुप्रसाद जाऊन आता सहा वर्षं झाली होती. आपण जे काही झालो ते त्या एका खोट्यावर उभं आहे, हे तिनं कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही.

सोमवारी सकाळी तिनं स्टुडिओ उघडला नाही. कॅमेरा पिशवीत घातला, त्यात रोल भरला, कळ फिरते का ते चार वेळा बघितलं आणि पालीच्या पुढे जाणारी एसटी पकडली.

फाट्यावरून आत रिक्षानं जावं लागलं. कापणी होऊन गेली होती. मळ्यांत नुसती खुंटं उभी, घराघरापुढे पेंढ्याच्या उडव्या. शिवा रांबाडेचं घर कोणीही दाखवलं असतं. जांभ्या चिऱ्याचं, पुढे शेणानं सारवलेलं खळं. खळ्यात एक बाई सुपातून भाताला वारा देत होती. धुळीनं केस पांढुरके झालेले, पण पदर सावरायची तऱ्हा तीच.

"काशीताई ना?"

बाईनं सूप खाली ठेवलं. "व्हय. तुमी कोण?"

"मी दीपाली. तुमच्या लग्नात फोटो काढायला आले होते."

काशीनं तिच्याकडे निरखून बघितलं. चेहरा हसरा झाला नाही, की रागीटही झाला नाही. "बसा वाईच. पानी आनते," ती म्हणाली.

पडवीत बाकड्यावर काशीची सासू बसली होती. ऐंशीच्या पुढची, सुकलेली, पण आवाज खणखणीत. "कोण आलाय गो?"

"माझ्या लग्नातली फोटूवाली बाय."

म्हातारीनं मान पुढे काढली. मग म्हणाली, "ती? काळ्या फोटूंची?"

दीपालीला वाटलं होतं, या घराला त्या लग्नाची आठवण करून द्यावी लागेल. इथे तर ती काळ्या फोटूंची म्हणून ओळखली जात होती.

"तुम्हाला अजून लक्षात आहे?" तिनं विचारलं.

"लक्षात नसायला काय झाला?" म्हातारी म्हणाली. "हिचा पाय घरात पडला नि फोटू काळे पडले. देवानच सांगलान तेवा. म्हयन्याभरात बैल मेला. पावसात हिचा सासरा पोफळीवरना पडला, पाय मोडलान. अख्ख्या वाडीला म्हायती हाय."

काशी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं हे इतक्या वेळा ऐकलं असावं की तिच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. तांब्या तिनं दीपालीच्या हातात दिला आणि पुन्हा खळ्यात जायला वळली.

"थांबा काशीताई," दीपाली म्हणाली. "मला तुमच्या एकटीशी बोलायचं होतं. पण आता इथेच बोलते, आजींसमोर."

आणि तिनं सांगितलं. रोलची जीभ कशी असते, ती कुठे अडकवायची असते, ती कशी अडकली नव्हती. कळ बघायची राहून गेली. नवऱ्यानं तिला वाचवायला काळ्या रोलची गोष्ट रचली. "आजी, रोल काळा पडलाच नव्हता. तो कोरा होता. जसा डबीतून काढला तसाच्या तसा. देवानं काही सांगितलं नाही. माझ्या हातून चूक झाली आणि मी ती लपवली."

मागे पावलं वाजली. शिवा डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन आला होता आणि भारा न उतरवताच ऐकत उभा होता. लॉकडाऊनमध्ये तो मुंबईहून गावी आला तो पुन्हा गेलाच नव्हता. त्यानं भारा खाली टाकला.

"म्हंजे काळा नव्हता?" तो म्हणाला.

"नव्हता."

"कोरा व्हता."

"हो."

शिवानं बायकोकडे बघितलं. डोक्याची चुंबळ सोडून तिची घडी घालत राहिला, एकदा, दोनदा, पुन्हा उलगडून तिसऱ्यांदा.

म्हातारी मात्र भडकली. पण तिचा राग दीपालीवर होता. "आता सांगायला आलीस? इतकी वर्सा गेली नि आता? लावणीला पयली रोपं हिला कदी लावू दिली नाय मी. धाकट्या सुनंच्या हातानं लावली. घरात नवा काय आनला तर हिला मागं उभी केली. वाडीत कुनाची ओटी भरायची झाली तर मीच बोलायची, हिला नको. तू माझ्या तोंडातना काय काय वदवलास, बाय." तिनं काठी जमिनीवर आपटली. "मी खराच मानीत व्हती."

आपल्या खोट्याचा पल्ला दीपालीनं फोटोंपुरताच मोजला होता. एका बाईची अठ्ठावीस वर्षं त्यात गेली असतील, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"च्या करते," काशी म्हणाली आणि आत गेली.

दीपाली तिच्यामागून स्वयंपाकघरात गेली. काशीनं गॅस पेटवला, आधण ठेवलं.

"तुम्ही मला बोला काहीतरी," दीपाली म्हणाली. "शिव्या द्या."

काशीनं साखर घातली. "लग्नानंतर आठ दिवसांनी हे मुंबयला गेले," ती म्हणाली. "आठ दिवसांत मी तोंड वर करून किती बघितला असेल? मग हळूहळू मना यांचा चेहराच आठवेना. नाक आठवायचा, पन डोळे नाय. एक फोटू असता तर बघितला असता. गनपतीला गाडीतना चौघे उतरले. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, हातात पिशव्या. मना कळेना आपला कुठला. मी आपली पुढं झाली नि एकाची पिशवी धरली. तो बोलला, वयनी, मी नव्हे, तो मागं हाय."

ती हसली. दीपालीलाही हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं.

"तो मागनं हसत व्हता," काशी म्हणाली. "तेवा बघितला नीट. मग नाय विसरली." चहा उकळून वर आला, तिनं गॅस बारीक केला. "बाकीचा मातर... बैल मेला तेवा मना वाटला, सासू उगाच बोलते. सासरे पडले तेवा वाटला, असेल. माझ्यात कायतरी असेल. लेक झाला, स्वरूप, तेवा बारा दिवस मी झोपली नाय. वाटायचा, माझ्या हातानं याला काय व्हायला नको. आता तो लोट्याला कंपनीत हाय. धडधाकट हाय." तिनं चहा गाळला. "काय नव्हता ना माझ्यात?"

"काही नव्हतं," दीपाली म्हणाली. "सगळं माझ्यात होतं."

काशीनं कप तिच्या हातात दिला. "आदी यायला पायजे व्हता तुमी."

"हो."

"पन आलाव." तिची नजर पिशवीकडे गेली. "पिशवीत काय हाय? क्यामेरा?"

"हो."

"रोलचा?"

"रोलचाच. आज बघून भरलाय. चार वेळा बघितलंय."

काशी ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर खळ्यात भाताची रास अर्धी वारवायची राहिली होती, वारा चांगला सुटला होता. एरवी असं काम टाकून ती एक मिनिट उभी राहिली नसती. मग तिनं कोपऱ्यातल्या बादलीतलं पाणी घेऊन तोंड धुतलं, हात कोपरापर्यंत घासले.

"लुगडा बदलून येते," ती म्हणाली. "यांना सांगा, अंगात सदरा घाला."

दीपालीनं बाहेर येऊन तसा निरोप सांगितला. शिवा आत गेला. पडवीत म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. दीपालीनं उजेड बघितला. खळ्यात ऊन थेट होतं. पडवीच्या कडेला मात्र मऊ, सारखा प्रकाश होता. पण तिथे म्हातारी होती, आणि तिला उठा म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही, हे दीपालीला कळत होतं.

काशीला वेळ लागला. दीपाली थांबून राहिली. काशी बाहेर आली तेव्हा तिनं हिरवी नऊवारी नेसली होती, घड्या अजून उमटून दिसत होत्या. कपाळावर कुंकू होतं, ताजं, मोठं. शिवानं पांढरा सदरा घातला होता आणि केसांना पाणी लावलं होतं. दोघं खळ्यात जाऊन उभी राहिली, मध्ये हातभर अंतर ठेवून, आणि उन्हानं दोघांचेही डोळे बारीक झाले.

"जरा जवळ या," दीपाली म्हणाली.

शिवा अर्धं पाऊल सरकला.

"उन्हात कशाला उबी केलास त्यांना?" पडवीतून आवाज आला. म्हातारीनं मान वळवली होती. "डोळे मिटलेले येतील सगळ्यांचे."

शिवानं कपाळावर हात धरून ऊन अडवलं.

"काशे," म्हातारी म्हणाली. "हितं ये. बस."

बाकडं फार लांब नव्हतं. म्हातारीनं आपली काठी उचलून भिंतीला लावली, पानाची चंची मांडीवर घेतली आणि दोन्ही हात टेकून, कण्हत, एका कडेला सरकली. काशी पायरीपाशी येऊन थांबली. या घरात सासूच्या शेजारी ती कधी बसली नसावी. कुठला पाय आधी उचलावा हेच तिला कळेना. मग ती वर आली आणि बाकड्याच्या टोकाला, निम्मी बाहेर, टेकली.

"नीट बस. पडशील."

काशी मागे सरकून बसली. शिवा दोघींच्या मागे उभा राहिला. म्हातारीनं सुनेकडे बघितलं नाही. पण हात लांब करून तिच्या खांद्यावरची पदराची चुरगळलेली कड बोटांनी ओढून सरळ केली. चांगली दोन-तीनदा. ती कड सरळ झाल्यावरही तिचा हात तिथेच राहिला.

"काढ आता," ती दीपालीला म्हणाली. "सावकाश काढ. आमाला कुठं जायचा नाय."

दीपालीनं सहा फोटो काढले. दर वेळी खटका ओढताना डाव्या कळीकडे बघितलं, आणि दर वेळी ती फिरली. मग तिनं कॅमेरा खाली घेतला.

"झाले," ती म्हणाली. "आले सगळे."

पण बाकड्यावरून कोणीच उठलं नाही. खळ्यात चिमण्या उतरून भात टिपू लागल्या, तरी काशीनं त्यांना हाकललं नाही.